तात्या आणि चार सिलिंडर

तात्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या गाडीमागे उकिडवे बसून सायलेन्सरच्या धुराचा वास घेत होते. दोह्यातल्या अल अझीझियात आमच्या बिल्डिंगखाली किराण्याचं दुकान आहे. मी गाडी चालूच ठेवून दूध आणायला आत गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर कंपनीच्या निळ्या डगल्यातला, पन्नाशीचा एक माणूस, काखेत खुबूस रोट्यांचं पाकीट, डोळे मिटून धूर हुंगतोय. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली असेल बिचाऱ्याला. मी विचारलं, "क्या हुआ भाई, कुछ होताय क्या?" माझं हे हिंदी ऐकून त्यांनी डोळेही न उघडता मराठी सुरू केलं.

"तेल पितीया गाडी, साहेब. कवापास्नं?"

"दोन महिने झाले. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उघडावं लागेल."

"कशाला? चांगल्या माणसाचं उगंच प्वाट फाडायचं व्हय? शुक्रवारी येतो."

शुक्रवारी ते खरंच आले, अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह बदलला आणि माझ्या गाडीचा धूर बंद झाला. मोबदला म्हणून काय घेणार विचारलं तर म्हणाले, "जेवू घाला." माझ्या बायकोने, रीटाने, सुके बोंबील भाजून वाढले. आम्ही वसईची माणसं, आमच्याकडे पाहुण्याचा मान असाच ठेवतात. जतच्या दुष्काळी मुलखातल्या या माणसाने बोंबील ताटात दोनदा उलटापालटा केला, नखाने टोकरला आणि मग डोळे मिटून खाल्ला. नंतर आणखी दोन मागितले.

नामदेव चव्हाण हे त्यांचं नाव, पण त्यांच्या कंपनीतले मलबारी, नेपाळी, पठाण सगळे त्यांना तात्याच म्हणत. बांधकाम कंपनीचे जनरेटर आणि गाड्या दुरुस्त करत त्यांनी कतारमध्ये बावीस वर्षं काढली. गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. तेव्हापासून रस्त्यात कुणाच्या गाडीमागे निळसर धूर दिसला की मी नकळत काच खाली करून श्वास ओढतो. रीटा म्हणते, "हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात बसतोस ना, मग एकदा छातीचा एक्सरे तरी काढून घे."

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. मी कागदांचा माणूस. तरीही तीन वर्षं माझे बहुतेक शुक्रवार मी तात्यांसमोर पालथ्या बादलीवर बसून घालवले, कारण त्यांना काम करताना बघण्यासारखी करमणूक दोह्यात दुसरी नव्हती. ते इंजिनाशी बोलत. नुसतं बोलत नसत, त्याची बाजू घेत. "त्याचा काय दोष? मालकानं तेल बदललं न्हाई, त्यानं किती सोसायचं?" असं म्हणून ते मालकाकडे असं बघत की मालक खाली मान घाली.

त्यांच्या उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. शौक म्हणून नव्हे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर जाऊन जिथे थांबतो तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने बारीकशी कड उभी राहते. तात्या आत करंगळी घालून ते नख वरून खाली ओढत. नख अडलं तर सिलिंडर कारखान्यात नेऊन मोठं कापून घ्यायचं. नख सहज घसरलं तर नुसतं होनिंग, म्हणजे दगडाने आतली भिंत खरवडून ताजी करायची, पिस्टनला नव्या रिंगा टाकायच्या आणि गाडी पुन्हा रस्त्याला. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने एकदा फर्मान काढलं की कामगारांनी नखं कापलीच पाहिजेत. तात्या म्हणाले, "साहेब, हे नख न्हाई, हत्यार हाय." साहेब चिडून म्हणाला, हत्यार असेल तर यादीत दाखव. दुसऱ्या दिवशी हत्यारांच्या यादीत पान्यांच्या खाली, तात्यांच्या गोल अक्षरात नोंद होती: नख, एक नग. साहेबाने हसत सही केली.

पुढे कंपनीत एक तरुण इंजिनिअर मोजमापाचं नवं डिजिटल यंत्र घेऊन आला. नख म्हणालं होनिंग, यंत्र म्हणालं कापावं लागेल. तीनदा मोजलं. यंत्र बरोबर निघालं. मला वाटलं, आता तात्या हिरमुसणार. कसलं काय! त्यांनी यंत्राला चक्क नमस्कार केला, "आक्का, हरलो" म्हणाले आणि त्या दिवसापासून प्रत्येक सिलिंडरला आधी नख लावून मग "आता आक्काला इचारू" म्हणत ते यंत्र मागवू लागले. हरण्याचा असा आनंद मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

तात्यांची स्वतःची एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितली होती. गावी त्यांची बायको, मालनवहिनी, पिठाची गिरणी चालवत. वीज गेली की चालणारं जुनं डिझेल इंजिन त्या गिरणीला होतं, आणि तात्या वर्षातून महिनाभर घरी जात तेव्हा त्यातला बराचसा वेळ नवराबायको त्या इंजिनापाशीच असत. लग्नात तात्यांनी मालनवहिनींना बैलगाडीतून आणलं होतं, तेही मागून आणलेल्या. तेव्हाच त्यांनी शब्द दिला होता: "सोताच्या हातानं उभी केल्याली मोटार आणीन, आनी तुला फिरवीन." गावी गाडी कधी झाली नाही. आता वहिनी आयुष्यात पहिल्यांदाच कतारला येणार होत्या, पंधरा दिवसांसाठी, कारण गिरणी त्याहून जास्त बंद ठेवता येत नव्हती. तात्यांना शब्द पाळायचा होता.

दुखानला तेलकंपनीत असलेला एक इंजिनिअर निवृत्त होऊन केरळला निघाला होता. त्याची पांढरी गाडी तात्यांनी घेतली. बाहेरून बरी, आतून पार थकलेली. नवं इंजिन परवडणारं नव्हतं, आणि बाजारातलं कुणाच्या तरी गाडीतून उतरवलेलं इंजिन घालायला तात्या तयार नव्हते. "हिचं हिलाच बरं करायचं," ते म्हणाले. मुऐदरला अबू नासेर म्हणून एक वयस्क कतारी गृहस्थ राहतात. त्यांच्या वाळवंटातल्या तंबूचा जनरेटर तात्यांनी एकदा ठीक करून दिला होता, त्या उपकारापोटी त्यांनी आपल्या व्हिलामागची शेड तात्यांना दिली. इंजिन उघडलं, चारही सिलिंडरमध्ये करंगळी फिरली, आक्कालाही विचारून झालं. दोघांचं एकमत: होनिंग.

होनिंग मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ड्रिलच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेले तीन लांबट दगड. ते सिलिंडरमध्ये घालायचे, ड्रिल फिरवायचं आणि फिरत असतानाच वर-खाली न्यायचं. वरून रॉकेलमिश्रित तेलाची धार. वर जाताना उमटलेल्या रेघा खाली येताना उमटलेल्या रेघांना छेदतात आणि भिंतीवर बारीक जाळी तयार होते. त्या जाळीत तेल थांबतं. "गुळगुळीत सिलिंडर आन् गुळगुळीत बोलणारा माणूस, दोन्हीवर काय थांबत न्हाई," तात्या म्हणाले आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघून हसले.

सगळा खेळ चालीचा. वर-खाली करण्याची चाल चुकली की जाळी बिघडते. तात्या शाळेत लेझीम पथकाचे म्होरके होते. ते लेझमीच्या मोजणीवर होनिंग करत: एक, दोन, तीन, चार, वर, खाली, वर, खाली. हातात ड्रिल, आणि पाय आपोआप ठेका धरायचे. प्लास्टिकच्या खुर्चीत करक चहा घेऊन बसलेल्या अबू नासेरना हे इतकं आवडलं की ते काठीने खुर्चीच्या हातावर ताल देऊ लागले. फक्त त्यांचा ताल त्यांच्या समुद्रावरच्या गाण्यांचा. दुसऱ्या सिलिंडरपर्यंत तात्यांची चाल घसरायला लागली. ड्रिल थांबवून त्यांनी हात जोडले, "बाबा, युवर ताल व्हेरी गुड. डान्स के लिये. सिलिंडर के लिये खलास." म्हाताऱ्याला हसून हसून ठसका लागला. मग ते तात्यांकडून लेझमीची मोजणी शिकले. चौथं सिलिंडर झालं ते एका कतारी आजोबांच्या 'एक, दोन, तीन, चार'वर.

मग ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या लोखंडी ठोकळ्याची आंघोळ. लोक इथेच घाई करतात म्हणे. पेट्रोलने पुसतात, आणि दगडाची बारीक कच जाळीत तशीच राहून नव्या रिंगा खाऊन टाकते. तात्यांचा हट्ट गरम पाणी आणि साबण. बिर्याणीच्या एका प्रचंड पातेल्यात पाणी तापलं, ब्लॉक पाटासारख्या फळीवर ठेवला आणि तात्यांनी अंगाला उटणं लावावं तसा तो ब्रशने घासला. "पांढरं फडकं द्या," ते म्हणाले. फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर आलं तर आंघोळ झाली. मी घरून एक पांढरा अभ्रा आणला होता. तो तिसऱ्यांदा राखाडी होऊन बाहेर आला तेव्हा आमची मुलगी मिशेल हिला घेऊन रीटा तिथे पोचली आणि किंचाळली, "अरे, हा माझ्या लग्नातला!" मी पातेल्याच्या मागे सरकलो. तात्या मात्र शांतपणे म्हणाले, "वैनी, आता हे वाया गेलंच हाय, तर पुरं करू." रीटा रागावायला आली होती ती बाह्या सरसावून घासायला बसली. पाचव्या फेरीत अभ्रा पांढरा निघाला, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा.

इंजिन जोडायला आणखी दोन शुक्रवार गेले. या काळात तात्यांनी आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट बजावली होती. नव्या रिंगा टाकलेलं इंजिन चालू झालं की जागेवर चालू ठेवायचं नाही. पूजा नाही, नारळ नाही, फोटो नाहीत. "नव्या रिंगा म्हंजे नवी सून न्हवं, कौतुक बघत बसायला. चालू झालं की रस्त्याला लावायचं, ताकद लावायची, सोडायचं, परत लावायची. तवा रिंगा भिंतीला बसत्यात. जाग्यावर रिकामं फिरलं तर जाळी गुळगुळीत व्हती आन् सगळं मुसळ केरात." हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

इंजिन पहिल्याच चावीला चालू झालं. आवाज ऐकून अबू नासेर खुर्चीतून उठले. तात्यांनी डगल्याला हात पुसून फोन काढला आणि गावी व्हिडिओ लावला. "मालन, ऐक!"

वहिनींनी ऐकलं. मग गिरणीत दळणाला आलेल्या बायांनी ऐकलं. मग तात्यांच्या आईने, मग शाळेच्या हेडमास्तरांनी, मग एका आत्याबाईंनी, ज्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांना परत. तात्या फोन बोनेटखाली धरून एकेक भाग दाखवत होते. मी दोनदा म्हटलं, "तात्या, बंद करायचं ना?" त्यांनी मला हाताने गप्प केलं. शेवटी फोनमधून वहिनींचा आवाज आला, "आवो, बंद करा की आता. किती वेळ रिकामं फिरतंय ते!"

"ऐक गं तू, ऐक नुसतं," तात्या म्हणाले. पाऊण तास इंजिन जागेवर फिरत होतं.

रविवारी गाडी निळा धूर ओकायला लागली. तात्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. सिलिंडरच्या भिंती घासलेल्या ताटासारख्या लखलखत होत्या आणि जाळी कुठेच नव्हती. ते माझ्या बादलीवर बसले. मी उभा राहिलो. 

"वीस वर्सं लोकास्नी शानपन शिकिवलं, साहेब," ते म्हणाले. "आनी आपल्या वक्ताला पोरावानी वागलो. मालनला कळू देऊ नगा."

हिशेब अवघड होता. पुन्हा होनिंग करायचं, पुन्हा नव्या रिंगा. रिंगा दुबईहून गुरुवारी येणार होत्या आणि वहिनी बुधवारी. त्यातून गाडीच्या नोंदणीची मुदत सोमवारी संपत होती. त्याआधी धुराची तपासणी पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती, आणि वहिनींचे पंधरा दिवस कुणाच्या तरी मागच्या सीटवर निघून गेले असते.

बुधवारी वहिनींना आणायला आम्ही माझ्या गाडीतून गेलो. हिरव्या इरकली लुगड्यातल्या, ठेंगण्या, चपळ बाई. हातात चटण्यांची पिशवी आणि नजर सरळ. तात्यांना बघून त्या हसल्या, तात्याही हसले, आणि दोघांनाही पुढे काय करायचं ते कळेना. गाडीत बसल्यावर वहिनींनी विचारलं, "आपली गाडी कुठाय?"

"हाय की," तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले. "धुवायला दिलीया."

"धूर मारतीया न्हवं?"

तात्यांनी उगाच खिडकीची काच खाली केली.

"गिरणीचं इंजान पंचवीस वर्सं चालीवते मी. पाऊण तास फिरवत बसलासा. मी फोनातनं वरडून वरडून दमले." आणि त्या इतक्या मोकळेपणी हसल्या की मी गाडी हळू केली. तात्याही हसायला लागले. चार दिवसांनी पहिल्यांदाच ते मनापासून हसत होते. मला तर एवढा आनंद झाला की विमानतळाबाहेरचं वळण चुकून आम्ही तो भला मोठा वळसा दोनदा घातला.

वहिनी आमच्याकडेच उतरल्या होत्या. समुद्रकाठ, मॉल, दिवे, काही बघायला त्या तयार नव्हत्या. "आधी इंजान." गुरुवारी संध्याकाळी मुऐदरच्या शेडमध्ये पदर खोचून त्या तेलाची धार धरायला उभ्या राहिल्या. अबू नासेरनी त्यांच्यासाठी स्वतःची खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. तात्या ड्रिल चालवत होते, वहिनींची नजर सिलिंडरमध्ये. तात्या या वेळी घाबरले होते, जाळी खोल व्हावी म्हणून घासतच होते. "पुरं," वहिनी म्हणाल्या. "आनी थोडं," तात्या म्हणाले. "पुरं म्हंते न्हवं! भिंत पातळ करता का काय?" तात्यांनी ड्रिल थांबवलं. शेजारी उभ्या असलेल्या मिशेलला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती इंग्रजीच. ती माझ्या कानात म्हणाली, "डॅडी, शी इज द बॉस." आंघोळीसाठी फडकं या वेळी वहिनींनी आपल्या पिशवीतून काढलं.

शनिवारी सकाळी सगळं जोडून झालं. या खेपेला तात्यांनी फोन माझ्याकडे देऊन टाकला. चावी फिरवली, आवाज ऐकला न ऐकला तोच वहिनी शेजारच्या सीटवर आणि गाडी फाटकाबाहेर. त्यांनी ठरवलं होतं की सरळ दुखानच्या रस्त्याला लागायचं, कारण तिथे ऐंशीएक किलोमीटर ना फारसं वळण ना खोळंबा. मला काम दिलं होतं मागून यायचं आणि धूर बघायचं. धूर थांबला की वहिनींच्या फोनवर कळवायचं. मिशेलही माझ्याबरोबर होती.

पहिले काही किलोमीटर वाईट गेले. तात्या वेग वाढवत, मग ॲक्सिलरेटर सोडत, आणि सोडला की मागून निळा लोट येई. मिशेल एकेक लोट मोठ्याने मोजायची. मला जाणवलं की माझ्या स्वतःच्या गाडीची मी कधी इतकी काळजी केली नव्हती. वेग, सोडणं, लोट. वेग, सोडणं, लोट. वाटेतल्या शहानियाच्या पुढे तो लोट पातळ झाला. मग नुसती रेघ. मग एकदा तात्यांनी वेग सोडला आणि मागे काहीच आलं नाही. मी विश्वास ठेवला नाही. पुन्हा सोडला, काही नाही. तिसऱ्यांदाही काही नाही. "नो स्मोक!" मिशेल सीटवर उड्या मारू लागली. माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

तात्या त्यानंतरही दीड-दोन वर्षं इथे होते, पण मला ते दिसतात ते त्या सकाळचे. मी मिशेलला फोन लावायला सांगितलं. वहिनींनी उचलला. मागून तात्यांचा आवाज ऐकू येत होता, "काय म्हंत्यात? धूर हाय का? इचार की!"

"वहिनी," मी ओरडलो, "धूर गेला! सांगा तात्यांना, साफ गेला!"

 मग वहिनी तात्यांना म्हणाल्या, "काय न्हाई. तुमी चालवा." आणि मग फोन तोंडाजवळ धरून, अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, "भाऊ, आता सांगू नगा त्यास्नी. सांगितलं तर हितंच थांबवून बोनेट उघडत्याल. मला फिरायचंय."

मी बरं म्हटलं. पुढच्या यू-टर्नला गाडी वळवली, आणि वळताना पाहिलं, तर ती पांढरी गाडी दुखानच्या दिशेने वेग घेत होती आणि तिच्यामागचा रस्ता लख्ख मोकळा होता.